कोमट मोटरींचा विजेता

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मंडळींनी पत्रिका उत्तम जुळल्याचं जाहीर केलं. पत्रिकेत नेमकं काय जुळलं ते मला माहीत नाही. पण त्या दिवशी अमरावतीच्या आमच्या बैठकीच्या खोलीत काय जुळलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

अकोल्याहून आलेली मंडळी सोफ्यावर ओळीनं बसली होती. मुलाचे वडील, म्हणजे पुढे झालेले माझे व्याही, आल्यापासून गप्प होते. जिनिंग फॅक्टरीचे मालक, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर आठी. मी मनाशी म्हटलं, हा माणूस मानपानाचं काहीतरी काढणार. बोलणी साखरपुड्याच्या हॉलपर्यंत आली तेव्हा ते मधूनच उठले आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेले. कपाटावर मराठ्यांच्या इतिहासाच्या दोन जाड खंडांच्या मधे माझी गाडी ठेवलेली होती. वरचं कवच काढलेलं, आतलं सगळं उघडं.

"बेल्टची आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"शाफ्टची नाही घेतली. काहून?"

त्या गाडीकडे पाहून आजवर लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले होते: केवढ्याला पडली, आणि कोणाच्या नातवाची. बेल्टची काहून, हे विचारणारा पहिला माणूस माझ्या घरी आला होता, आणि तोही माझी मुलगी मागायला. हॉलचा विषय बायकांनी परस्पर मिटवला. आम्ही दोघं कपाटापाशी उभे राहून मागच्या चाकांबद्दल बोलत होतो.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ही रिमोटवर चालणारी शर्यतीची गाडी असते. टूरिंग कार म्हणतात. लांबी हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत. रस्त्यावरच्या मोटारीसारखं दिसणारं पातळ प्लॅस्टिकचं कवच, आत बॅटरी आणि मोटर, आणि मोटरचा जोर चारही चाकांना पोचवणारा पट्टा किंवा दांडा. पट्टा म्हणजे बेल्ट, दांडा म्हणजे शाफ्ट. रिमोटचा घोडा दाबला की गाडी पळते, बाजूचं छोटं चाक फिरवलं की वळते. पळायला डांबराची किंवा सिमेंटची सपाट, स्वच्छ जागा लागते. काळी माती, धूळ, खडे, गवत चालत नाही. थोडक्यात, वऱ्हाडात जे मुबलक आहे त्यातलं काहीही चालत नाही.

मी कॉलेजात इतिहास शिकवत होतो. निवृत्त झालेल्या प्राध्यापकानं कुठल्यातरी मंडळाचं अध्यक्षपद घ्यावं, दीपप्रज्वलनं करावीत, शाली जमवाव्यात अशी आमच्याकडे अपेक्षा असते. पण जन्मभर दरबारांबद्दल शिकवल्यामुळे मला दरबारात बसायची हौस उरली नव्हती. तेवढ्यात एका मंगल कार्यालयाच्या डांबरी पार्किंगमध्ये, लग्नाची तिथी नसलेल्या एका रविवारी, काही माणसं या गाड्या पळवताना दिसली. त्यात लहान मूल एकही नव्हतं. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर घरी भाजी आणायला जातो असं सांगून निघाल्याचा भाव. स्पेअर पार्टचं दुकान असलेले एक गृहस्थ तिथले सर्वेसर्वा होते. त्यांना सगळे भाईजान म्हणत, मीही म्हणू लागलो. ते मला सर म्हणत. त्यांनी माझ्या हातात त्यांचा रिमोट दिला, मी त्यांची गाडी जनरेटरवर आपटली, आणि ते म्हणाले, "हो गया सर, अब तुमी आमच्यातले."

गाडी घेण्याआधी मी दोन महिने वाचन केलं. बेल्टची गाडी वळणावर मऊ जाते, शाफ्टची जरा धसमुसळी पण दणकट, असं वाचून मी बेल्टची घेतली. जावई पसंत करताना मी याच्या निम्माही अभ्यास केला नव्हता. सुदैवानं जावई चांगला निघाला.

गाडी मात्र अकोल्यात पोचली आणि फसली. व्याह्यांच्या जिनिंगचं आवार म्हणजे सिमेंटचं अफाट अंगण. हंगामात तिथे कापसाचे डोंगर असतात; उन्हाळ्यात कापसाची शेवटची गाडी रिकामी झाली की ते झाडून घेतात आणि आग विझवायला ठेवलेले जुने पाईप अंथरून त्यावर वळणं आखतात. असा ट्रॅक मुंबई-पुण्याच्या लोकांनाही मिळत नसेल. पण जिनिंग कितीही झाडलं तरी सरकीचा तेलकटपणा आणि रुईचे बारीक तंतू हवेतून जात नाहीत. माझी गाडी पहिल्याच शर्यतीत तिसऱ्या फेरीला घुर्रर्र करून थांबली. उलटी करून पाहिली तर बेल्टच्या कप्पीभोवती रुई गुंडाळली गेली होती, घट्ट, पीळदार, सुबक. गाडीनं चक्क वात वळली होती. व्याही चिमट्यानं ती काढत असताना विहीणबाई तिथे आल्या. त्यांनी ती वात बोटांत धरून उजेडात पाहिली.

"फेकू नका जी," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी देवापाशी होईल."

तेव्हापासून अकोल्याला गेलो की माझी गाडी दोन-तीन वाती वळायची, आणि मी शर्यत पुरी न करताच परत यायचो. व्याह्यांची शाफ्टची गाडी सगळीकडून बंद, तिला कशाचाच त्रास नव्हता. ते दर वेळी पहिले यायचे. त्यांच्या घरी कपाटात इतक्या ट्रॉफ्या झाल्या होत्या की लोणच्याच्या बरण्या जिन्याखाली गेल्या होत्या.

शर्यत संपली की व्याही एक गोष्ट न चुकता करायचे. ट्रॉफी बाजूला ठेवून ते प्रत्येकाच्या टेबलापाशी जायचे आणि त्याच्या गाडीच्या मोटरला बोट लावायचे, दूध किती तापलं ते बघतात तसं. मग काही न बोलता पुढे जायचे. मला ती यजमानाची आस्था वाटायची.

मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांचा फोन आला.

"व्याही, एक मांगतो. नाही म्हनू नका."

व्याह्यांनी फोनवर ‘एक मांगतो’ म्हटल्यावर कसले कसले हिशोब सुरू होतात, ते मुलींच्या बापांनाच कळेल. मी खुर्चीत बसलो. "बोला."

"मले एक खरी रेस पायजे."

"म्हणजे?"

"तीन सालापासून जिंकून राहिलो न मी. त्यातली एक बी जिंकलो नाही."

मग त्यांनी सांगितलं. आमच्याकडे नियम असा आहे की मोटर सगळ्यांची एकाच जातीची, बॅटरी एकाच ताकदीची, गिअरचे दातेही सारखेच. फरक करायचा तो टायर, स्प्रिंग आणि चाकांच्या कलात. या स्वस्तातल्या समाजवादाचा एक परिणाम असा की शर्यतभर जोर लावलेल्या सगळ्या मोटरी जवळपास सारख्याच तापतात. व्याह्यांची मोटर शर्यतीनंतर चटका द्यायची. बाकीच्यांच्या कोमट असायच्या.

"घोडा ढिला सोडतात जी सारे," ते म्हणाले. "आवार माझं. उद्या मी रुसलो आन गेटाले कुलूप लावलं, त खेळतीन कुठी? म्हनून मले जिंकू देतात. मले वाटे मी ड्रायव्हर आहो. मी त जागामालक आहो."

"आणि माझी मोटर?"

"तुमची थंडी असते. पन ते रुईमुळं. तुमच्यावर शक नाही."

इतक्या सौजन्यानं माझा अपमान क्वचितच कोणी केला असेल.

"वय होऊन राहिलं व्याही," ते पुढे म्हणाले. "मले समजलं पायजे, का मले गाडी चालवता येते का नाही येत. या उन्हाळ्यात नाही समजलं त सोडतो. गाडी पोराले देऊन टाकतो, ट्रॉफ्या भंगारवाल्याले. खोटं खेळण्यापक्षा टीव्ही पायलेला बरा."

"हे तुम्ही मुलीच्या बापाला सांगताय," मी म्हटलं.

"माहीत आहे. पाच मिनिटाची रेस असते. पाच मिनिट नका राहू मुलीचे बाप."

मी शब्द दिला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल केलं. माणसाला मनापासून हरवायचं ही साधी गोष्ट. पण आमच्याकडे वधूपित्यानं वरपित्याला साध्या कॅरममध्येही हरवल्याची नोंद नाही. मी इतिहास शिकवलेला आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

बायकोला सांगितलं तर तिनं हातातली गवार खाली ठेवली.

"त्यांच्या दारात जाऊन, त्यांच्या माणसांसमोर, तुम्ही त्यांना हरवणार?"

"त्यांनीच मागितलंय."

"मागतात हो. आपण द्यायचं नसतं. जेवताना ते ‘आता पुरे’ म्हणतात तेव्हा आपण वाढायचं थांबतो का?"

मी गवार निवडायला घेतली. संध्याकाळी मुलीचा फोन आला. मला वाटलं तीही हेच सांगणार. ती म्हणाली, "बाबा, नीट तयारी करून या. इथे रोज जेवताना कोमट मोटरींचा विषय असतो. आणि आई म्हणतात, एकदा हरवाच, मले बरन्या ठेवाले जागा नाही." आई म्हणजे तिच्या सासूबाई. एकूण सरकारी पातळीवर माझ्या घरचा विरोध होता आणि व्याह्यांच्या घरचा पाठिंबा. राजकारणात याहून विचित्र आघाड्या झालेल्या आहेत.

मी जेवणाच्या टेबलावर गाडी उघडून बसलो. पहिलं काम रुईचं. जुन्या प्लॅस्टिकच्या फाईली कापून मी दोन्ही बेल्टांवर झाकणं बसवली. मग जमिनीपासूनची उंची थोडी वाढवली, कारण जिनिंगच्या सिमेंटला सांधे आहेत. पुढच्या स्प्रिंगा मऊ घातल्या. चाकं वरच्या बाजूनं किंचित आत झुकवली, म्हणजे वळताना टायर जमिनीवर पुरता टेकतो. मागची चाकं जरा आतल्या बाजूला वळवली, त्यानं गाडीची शेपूट ताब्यात राहते. बायको चष्मा लावून पाहत होती.

"चाकं अशी फेंगडी कशानं झाली?"

"मुद्दाम केलीत. वळणावर पकड येते."

"माझ्या गुडघ्यांना मग डॉक्टर का नावं ठेवतात?"

शर्यतीच्या रविवारी आम्ही भाईजानांच्या गाडीतून निघालो. बायको मागे, मांडीवर लाडवांचा डबा. मूर्तिजापूरला चहा घेताना मी भाईजानांना विचारलं, "तुम्हीही घोडा ढिला सोडता का?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "सर, सच बोलू? मी त्यांच्या आवारात जातो, त्यांचे रोडगे खातो, त्यांच्या कूलरसमोर बसतो. मंग त्यांनाच हरवू? आपल्याला शरम वाटते."

"त्यांना कळतं ते."

"कळते?" ते खरोखर चकित झाले. "मग इतके दिवस बोलले काहून नाही?"

"त्यांना शरम वाटते."

भाईजानांनी आणखी एक चहा मागवला.

अकोल्याला पोचलो आणि पाहतो तर आवारात मांडव. व्याह्यांच्या मोठ्या भावांनी परस्पर प्रमुख पाहुणे बोलावले होते. वऱ्हाडात चार माणसं एकत्र जमली आणि पाचवा पाहुणा नसला की कार्यक्रम झाला असं कोणी मानत नाही. व्यासपीठ, सतरंजी, खुर्च्यांवर पांढरे टॉवेल, समई. आणि शर्यतीच्या सुरुवातीच्या रेषेवर, ट्रॅकची जवळजवळ सगळी रुंदी व्यापून, विहीणबाईंनी आणि माझ्या मुलीनं मिळून काढलेली रांगोळी. तिच्यात मोर होते, कमळ होतं, आणि मधोमध एक टूरिंग कार होती, चाकं सरळ असलेली.

व्याही माझ्याजवळ आले. चेहरा पडलेला. "दादानं केलं हे. मले रात्री सांगतलं."

"पाहुणे कोण?"

त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "हे आपल्या मुलांच्या लग्नात बोलले होते ते?"

"तेच. त्याइच्यामुळं मुहूर्त टळला होता."

"मग टायर?"

"तेच म्हनून राहिलो. मी कडक लावले."

हे जरा उलगडून सांगायला हवं. सकाळी सिमेंट गार असतं तेव्हा मऊ टायर चिकटून चालतो. ऊन चढलं की तोच टायर लोण्यासारखा होतो, गाडी घसरते. तेव्हा कडक टायर लागतो. जगभर टायर निवडताना लोक जमिनीचं तापमान पाहतात. आमच्याकडे पाहुणे पाहावे लागतात. मी मऊ टायर चढवून तयार होतो, कारण कार्यक्रमपत्रिकेत ‘दोन शब्द’ असं छापलं होतं. छापील शब्दावर विश्वास ठेवायची मला व्यवसायानं लागलेली सवय आहे.

पाहुणे आले. शाल, श्रीफळ झालं. अकोल्याच्या मे महिन्यात लोकरी शाल पांघरून घेणाऱ्या माणसाचं धैर्य मान्य करायला हवं. दीपप्रज्वलनासाठी सगळे उभे राहिले. समईत तेल होतं, काडीपेटी होती. वात नव्हती. लाखो क्विंटल कापूस पाहिलेल्या त्या आवारात त्या दिवशी रुईचा एक पुंजका नव्हता, कारण पाहुण्यांसाठी सगळं दोनदा झाडून घेतलं होतं. व्याह्यांचे मोठे भाऊ इकडे तिकडे पाहू लागले. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी सकाळी गोदामामागे गाडी थोडी पळवून पाहिली होती. झाकण उघडलं. फाईलच्या प्लॅस्टिकनं बरीच रुई अडवली होती, पण एका फटीतून शिरलेली थोडी कप्पीवर होतीच. चिमट्यानं वात ओढून दिली. दीप प्रज्वलित झाला. त्या दिवशी माझ्या हातून समाजाची जी काय सेवा झाली ती एवढीच; शिवाय कप्पी मोकळी झाली आणि ती फट मला वेळेवर बुजवता आली.

मग दोन शब्द सुरू झाले. पाहुण्यांनी या गाड्यांना आधी ड्रोन म्हटलं, कोणीतरी कानात सांगितल्यावर रोबो म्हटलं. अशा उपक्रमांतूनच देशाला उद्याचे बालवैज्ञानिक मिळतील, असं ते आमच्याकडे हात करून म्हणाले. माझ्या शेजारच्या बालवैज्ञानिकानं कवळी नीट बसवली. ऊन मांडवाच्या कडेकडेनं सरकत ट्रॅकवर आलं. चिखलदऱ्याच्या हवेचं वर्णन सुरू झालं तेव्हा मी खुर्चीखाली गाडी घेऊन चारही टायर बदलले आणि कडक लावले. व्याह्यांनी लांबून पाहिलं आणि मान डोलावली. पाहुण्यांना वाटलं, त्यांना दाद मिळाली. भाषण आणखी वाढलं.

पाहुणे गेल्यावर सुरुवातीच्या रेषेवरची रांगोळी झाडली गेली. माझ्या मुलीनं मोर पुसताना चेहरा वाकडा केला. आम्ही सहा जण रिमोट घेऊन पाण्याच्या टाकीजवळच्या ओट्यावर उभे राहिलो. तिथून सगळा ट्रॅक दिसतो. व्याही माझ्या उजवीकडे. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. डावीकडे भाईजान. खाली बायको आणि विहीणबाई खुर्च्या लावून शेजारी बसल्या होत्या, दोन विरुद्ध पक्षांच्या निरीक्षकांसारख्या.

शिट्टी वाजली. सहा गाड्या भुंग्यांसारख्या गुणगुणत सुटल्या. पहिल्या वळणावर दोघं एकमेकांत अडकले. भाईजानांची गाडी सगळ्यांत पुढे. पुढच्या फेरीला ती हळूच बाहेरच्या बाजूला सरकली, वाट देण्यासाठी, सवयीनं.

"भाईजान!" मी म्हटलं.

"सॉरी सर, हाथ अपने आप गया," ते म्हणाले, आणि घोडा परत दाबला. पण व्याह्यांची गाडी तोवर आत घुसली होती, आणि तिच्या मागोमाग माझी.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. झाकणं टिकली, बेल्ट सुरळीत चालला. मऊ स्प्रिंगांमुळे सांध्यांवर माझी गाडी उडत नव्हती, व्याह्यांची उडत होती. लांबच्या सरळ पट्ट्यावर मी त्यांना गाठलं. गोदामाजवळच्या उलट्या वळणावर ते आतून आले, मी बाहेरून. पुढच्या फेरीला मी आतून शिरलो आणि पुढे निघालो. मुलीचा बाप वरपित्याच्या पुढे गेला होता. खाली बायकोनं डोळ्यांवर पदर घेतला असावा. मी पाहिलं नाही.

"या!" व्याही दातांत म्हणाले. "या, असे या!"

तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. हा माणूस बैठकीत, लग्नात, बारशाला, सगळीकडे बेताचं बोलायचा. आता ते ओट्यावर डावी-उजवीकडे वाकत होते, गाडीबरोबर स्वतःच वळत होते. मीही तेच करत असणार. आमचे खांदे एकमेकांवर आपटत होते आणि दोघांपैकी कोणीही ‘माफ करा’ म्हणत नव्हतं.

शेवटची फेरी. मी पुढे, ते अगदी मागे. शेवटच्या वळणातून बाहेर पडून सरळ सुरुवातीच्याच रेषेकडे जायचं होतं, शर्यत तिथेच संपते. मी घोडा पुरता दाबला आणि, आधीच्या फेऱ्यांत कडेकडेनं जात आलो होतो ते सोडून, सगळ्यांत जवळचा रस्ता घेतला, मधला. व्याह्यांनी बाहेरून लांबचा वळसा घेतला. मला वाटलं, संपले ते.

रांगोळी झाडली होती, पण सिमेंटच्या छिद्रांतून ती जात नाही. जिथे कमळ होतं, बरोबर तिथे माझ्या मागच्या चाकांखालची जमीन नाहीशी झाली. इतकी काळजी घेऊन ताब्यात ठेवलेली शेपूट सर्रकन पुढे आली, गाडीनं स्वतःभोवती दोन गिरक्या घेतल्या, आणि ती अमरावतीकडे तोंड करून उभी राहिली. व्याह्यांची गाडी बाहेरच्या कडेनं रेषा ओलांडून गेली.

टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांचा अर्थ मला लगेच कळला आणि मी हादरलो. लोक व्याह्यांसाठी टाळ्या वाजवत नव्हते. माझ्यासाठी वाजवत होते.

"वा सर!" एक जण म्हणाला. "काय सुंदर हरले!"

बायको ओट्यापाशी आली. इतकी प्रसन्न मी तिला लग्नानंतर एक-दोनदाच पाहिली आहे. "शोभून दिसलं," ती हळूच म्हणाली. "पुढे जाऊन मग सोडलंत. कोणाला संशयसुद्धा आला नसता."

"अगं, मी सोडलं नाही!"

"हो, हो. असंच म्हणत राहा."

मी भाईजानांकडे पाहिलं. निदान ते तरी. ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "सर, वो गिरकी तो कमाल की थी. आम्ही नुसता घोडा सोडतो. तुमी नाटक लिहिलं."

मी जन्मभर पुराव्याशिवाय बोलू नये असं विद्यार्थ्यांना शिकवलं. आता माझ्याजवळ पुरावा नव्हता आणि सगळं आवार माझ्या चांगुलपणाची साक्ष द्यायला तयार होतं. त्या गर्दीतून मी व्याह्यांना शोधलं. ते ओट्यावरच उभे होते. रिमोट खाली लोंबत होता. ओठ हसत होते, डोळे नव्हते. ट्रॉफी देणाऱ्यानं ती त्यांच्या हातात दिली तशी त्यांनी ती न पाहताच ओट्यावर ठेवली.

"व्याही," मी म्हटलं, "शपथ घेतो."

"असू द्या जी," ते म्हणाले. "तुमी तरी काय करान. मुलीचे बाप."

मग सवयीनं, पाय आपोआप न्यावेत तसे, ते खाली उतरले आणि टेबलांकडे गेले. पहिल्या दोघांच्या मोटरींना बोट लावलं. कोमट. भाईजानांच्या मोटरपाशी ते जरा थांबले आणि त्यांनी भाईजानांकडे पाहिलं. ती कोमटाच्या वर होती. भाईजान लाजले. मग ते माझ्या गाडीपाशी आले. मी गाडीचं कवच काढलं. फाईलचं झाकण काढलं. त्यांनी बोट लावलं, बाकीच्यांना लावलं तसंच, बिनधास्त, पुरतं टेकवून.

"अगा बापरे!"

आवारातले कावळे उडाले. व्याह्यांनी बोट झटकलं, तोंडात घातलं, बाहेर काढून पाहिलं. टोकाला पांढरा फोड उठत होता. त्यांनी तो माझ्यासमोर धरला. मग बायकोसमोर. मग शेजारच्या टेबलावर जाऊन अजून निवलेली नव्हती ती आपली स्वतःची मोटर डाव्या हाताच्या बोटानं चाचपली, ओरडले, आणि परत माझ्याकडे आले.

"तुमची जास्त गरम आहे!" ते म्हणाले. "माझ्याहून जास्त गरम आहे! तुमी सोडलाच नाही घोडा!"

"तेच सांगतोय मघापासून."

"मंग घसरले काहून?"

"रांगोळी."

"त मधातून कायले गेले? तिथं कमळ होतं न! मी सकाळपासून पाहून ठेवलं होतं, का इथून जायचं नाही." आणि मग ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना स्वतःलाच आत्ता ऐकू आलं होतं. त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांनी वळसा निवडला होता. कपाळावरची आठी, जी मी मुलीच्या बैठकीपासून पाहत आलो होतो, ती कुठेतरी गेली. "म्हंजे," ते हळू म्हणाले, "मले येते."

"येते," मी म्हटलं. ही कबुली जिवावर आली, पण दिली.

जेवणं आवाराच्या कडेच्या कडुलिंबाखाली होती: गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे टणक रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि आमचे लाडू. बायकोनं मला वाढताना डोळा मिचकावला. तिचा विश्वास बसलेला नाही, आजही नाही. आमच्या नात्यागोत्यात मी एक आदर्श व्याही म्हणून ओळखला जातो आणि त्याला माझा इलाज नाही. ट्रॉफी ओट्यावरच राहिली होती. विहीणबाईंनी ती आणवली, आत डोकावून पाहिलं, आणि तिच्यात वाढायचे चमचे उभे केले.

व्याही पंगतीत फिरून प्रत्येकाला बोट दाखवत होते. "हे पाहा. सरच्या मोटरीनं भाजलं. हात लावून पाहा, अजून गरम आहे." रोडगा त्यांना एका हातानं फुटेना. मी माझ्या ताटातला फोडून पुढे केला तर त्यांनी तो परतवला आणि आपलाच कोपरानं दाबून फोडला.

विहीणबाई वाटीत गार पाणी घेऊन आल्या. "बुडवा बोट. आग थांबन."

त्यांनी बोट वर धरलं, वाटीपासून लांब.

"राहू दे," ते म्हणाले. "होऊ दे थोडी आग."